आपल्यातल्या आपल्यात

मला स्वस्थ बसता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. आता पन्नाशी आली तरी भिंगरी थांबलेली नाही, फक्त पायांतून डोक्यात गेली आहे. बँकेत दुपारी डबा खातानासुद्धा माझा एक हात फोनवर असतो. त्या दिवशी तो तसा नसता तर निदान पोळी तरी नीट घशाखाली उतरली असती.

निरोप एवढाच होता: "ताई, आपल्या तिथीच्या ॲपचा कोड मिळेल का? जरा बघायचा होता."

पाठवणारा माझ्या वडिलांचा जुना विद्यार्थी. काशीत रामघाटावर आमच्या घरी आठ वर्षं राहून त्याने वेद पाठ केला. आता सोलापूरकडच्या एका गावात भिक्षुकी करतो, दोन मुलांचा बाप आहे, फावल्या वेळात प्रोग्रामिंगही शिकला आहे. वडिलांना मी अण्णा म्हणते, तो गुरुजी म्हणतो. स्वभावाने इतका मऊ, की पाणी मागतानाही 'जमल्यास' म्हणेल. त्याच्या निरोपात वावगं काहीच नव्हतं, तरी माझा घास हातातच राहिला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "क्या हुआ, घर में सब ठीक?" मी म्हटलं, सब ठीक. आणि डबा बंद केला.

कोड म्हणजे ज्या मजकुरातून ॲप तयार होतं तो मजकूर. तो द्यायला मला हरकत का असावी, हे सांगायचं तर ॲप कसं झालं ते सांगावं लागेल. ते सांगताना मी अजूनही दर दोन वाक्यांनी स्वतःची बाजू घेते. या वेळी घ्यायची नाही असं ठरवून बसले आहे. बघू किती जमतं ते.

अण्णा पुरोहित. तिथी सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं काशीतली मराठी घरं मानतात. कुणाचे वडील, कुणाची आजी अमुक दिवशी गेली, यंदा श्राद्ध कधी, असे फोन त्यांना पुण्या-नागपुरापासून येतात, आणि इथल्या गल्ल्यांतले पुरोहितही अडले की आमचाच जिना चढतात. प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. वर्षश्राद्धाची तिथी दिवसाच्या पाच भागांपैकी चौथ्या भागात, म्हणजे दुपार कलल्यावरच्या अपराह्णात, असावी लागते. त्यातून आम्ही राहतो दोन पंचांगांत. भाजीवाल्याकडे भादों, म्हणजे भाद्रपद, लागलेला असतो, तेव्हा घरात अजून श्रावण वद्य चाललेलं असतं. अण्णा हे सगळं पाठकोऱ्या कागदांवर मांडून काढायचे. सत्तरीनंतर डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली, आणि एका पितृपक्षात त्यांनी आकडा चुकीचा वाचला. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं, पण त्यानंतर ते प्रत्येक गणित तीन-तीनदा करायला लागले. जेवण थंड व्हायचं, मी चिडायचे.

म्हणून मी शोधाशोध केली. माझी नोकरी बँकेच्या संगणक विभागात, शोधायचं कुठे ते ठाऊक होतं. तिथी काढणारा एक फार चांगला प्रोग्राम सापडला. दूरच्या, थंड देशातल्या एका गृहस्थांनी लिहून सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवला होता. इथेही मी त्यांचं नाव लिहीत नाही, पण इथे मी कुणाचंच लिहिलेलं नाही, माझंसुद्धा नाही. प्रोग्रामबरोबर जीपीएल नावाचा परवाना होता. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणाला विचारू नका. मात्र ज्याला द्याल त्याला कोडही मिळाला पाहिजे, आणि तुम्हाला जे हक्क मिळाले तेच त्यालाही. परवान्याचा मजकूर आणि मूळ कर्त्याचं नाव जागेवर राहिलं पाहिजे, आणि बदल केले असतील तर केले म्हणून लिहिलं पाहिजे. यापलीकडे त्यांचं मागणं नव्हतं.

चार महिने सुट्टीच्या दिवशी मी आणि अण्णा त्यावर बसलो. महिने आपल्या पद्धतीचे केले. रोजचा संकल्प त्यात घातला, काशी क्षेत्राच्या सगळ्या विशेषणांसकट. म्हाताऱ्या पुरोहितांना बटणं मोठी लागतात, ती मोठी केली. सुरुवातीला एक पडदा यायचा, 'तुम्ही कुठे आहात?' असं विचारणारा. अण्णांच्या बरोबरीचे एक काका तिथेच अडकून बसले आणि म्हणाले, "मी कुठे असणार? काशीत!" म्हणून तो पडदा मी काढला आणि काशीचा सूर्योदय आत कायमचा बसवून टाकला.

आणि दुसरं एक पान काढलं. ज्यावर त्या गृहस्थांचं नाव होतं आणि परवाना होता, ते.

अण्णा मला एवढंच म्हणाले होते, "वर आपल्या गुरूंचं नाव येईल का?" मी म्हटलं, येईल की. आलं. त्याला जागा भरपूर होती. ते पान काढायचं अण्णांनी सांगितलं नव्हतं, त्यांना ते आहे हेच ठाऊक नव्हतं. ते मी काढलं. तेव्हा मनाशी म्हटलं, इंग्रजी आहे, लांबलचक आहे, वाचतंय कोण. खरं कारण वेगळं होतं. आमच्या ओसरीवर वर्षानुवर्षं मुलगे बसून पाठ म्हणायचे, आणि मी आतल्या दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहून ऐकायचे. मला कुणी शिकवलं नाही, शिकवायचा प्रश्नच नव्हता. आता त्याच मुलग्यांच्या फोनमध्ये मी केलेली वस्तू जाणार होती. ती माझी दिसावी असं मला वाटलं. फार वाटलं.

ॲप मी फोनवरच्या आमच्या समूहावर टाकलं. रामघाटावरची घरं आणि इथे शिकून बाहेर गेलेले, मिळून दीडशेच्या आसपास माणसं. खाली लिहिलं: 'हे फक्त आपल्यातल्या आपल्यात. कृपया बाहेर पाठवू नये.' नमस्कारांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, गुरुजींची लेक शोभते. ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आता त्याच समूहातला एकजण कोड मागत होता. दिला असता तर पहिल्याच फाईलमध्ये त्याला दिसलं असतं की घर दुसऱ्याचं आहे आणि आम्ही फक्त पाटी बदलली आहे.

त्याच दिवशी घरी येऊन अण्णांना विचारलं. मनातून हवं होतं की त्यांनी नको म्हणावं. त्यांनी म्हटलंच. "कोड कशाला? उद्या जो तो त्यात हात घालणार, आपापली तिथी काढणार. चुकली की नाव कुणाचं? या घराचं. खामखा झंझट. म्हणावं, ॲप आहे ना, वापर."

मी त्याला कळवलं, गुरुजी नको म्हणतात. हात झटकले. त्यावर दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, अगदी अजीजीने बोलत होता.

"ताई, राग मानू नका. इथे एका यजमानांचं वर्षश्राद्ध आहे, अठरा दिवसांवर. मुलगा परदेशातून यायचाय. छापील पंचांगात सोमवार दिलाय, आपल्या ॲपमध्ये मंगळवार. मी मंगळवारच सांगणार हो, गुरुजींच्या घरचं आहे. फक्त तो निघाला कसा, ते एकदा डोळ्यांनी बघितलं असतं तर जिवाला बरं वाटलं असतं."

"बघते," मी म्हटलं.

बघते म्हटलं खरं, पण पुढचे दोन दिवस मी नुसती फिरत होते. बँकेतून घरी यायचं सोडून घाटाघाटाने चालत राहायचे. एक नाववाला मला ओळखतो, त्याने दोन्ही दिवस विचारलं, "दीदी, नाव?" आणि दोन्ही दिवस मी त्याच्यावर खेकसले. बसलं की पाय हलायचा. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायचे. डोक्यात एकच: सोमवार की मंगळवार? आणि त्याच्या आड दुसरं, जे मी समोर येऊ देत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दशाश्वमेधाच्या पायऱ्यांवर, यात्रेकरूंच्या ओल्या कपड्यांच्या पिशव्यांमध्ये बसून, मी फोनवर तो परवाना उघडला आणि पहिल्यापासून वाचला. इतके दिवस मी एका समजुतीच्या भरवशावर होते. बँकेत आम्ही असले प्रोग्राम घेतो, आपल्या सोयीने बदलतो आणि बँकेतच वापरतो. तिथे कोड कुणालाच द्यावा लागत नाही, कारण वस्तू बाहेर कुणाला दिलेलीच नसते. स्वतःच्या घरात स्वतः वापरली, एवढंच. बँकेतला तो नियम मी उचलून घरी आणला होता. आमचे दीडशे लोक म्हणजे मला एकच घर वाटत होतं. आमच्यात तसंच वाटतं. मुंजीला, लग्नाला, कुणी गेलं तर खांद्याला, सगळं घरचं म्हणूनच होतं. पण ही दीडशे माणसं एका संस्थेतली नव्हेत. प्रत्येकाची चूल वेगळी, यजमान वेगळे, फोन वेगळा. त्यांच्या फोनमध्ये ॲप गेलं म्हणजे मी ते दीडशे वेळा दिलं. त्यातल्या प्रत्येकाला कोड मागायचा हक्क होता, आणि 'बाहेर पाठवू नये' असं बजावायचा मला नव्हता. दाराला कडी घालून वाटलं तरी ते वाटणंच.

कायद्याची भीती फारशी नव्हती, तो थंड देशातला माणूस रामघाटावर थोडाच येणार होता! भीती होती अण्णांची. त्यांच्या शब्दावर लोक आपल्या मेलेल्या माणसांचा दिवस ठरवतात. त्या शब्दाखाली मी काय घालून ठेवलं होतं, ते आता त्यांना सांगावं लागणार होतं.

सांगितलं. रविवारी सकाळी, त्यांची पूजा आटोपल्यावर. "अण्णा, ते ॲप मुळात आपलं नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या कुणी लिहिलंय. मी त्यात बदल केले."

"कुठून तरी घेतलंस हे ठाऊक होतं की," ते म्हणाले. "मला वाटलं, बाजारातून कागद आणावा तसं."

"कागद नव्हे. लिहिलेली पोथी होती."

अण्णा चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "त्या माणसाच्या अटी काय आहेत, त्या मराठीत वाचून दाखव." मग तीन दिवस, दुपारचा चहा झाला की मी परवाना मराठी करून सांगायचे आणि ते ऐकायचे. बँकेतून मी त्यासाठी अर्धी सुट्टी काढली. एखाद्या ग्रंथाचा पाठ असावा तसे ते मध्ये थांबवून शंका काढायचे.

"घरातल्या घरात दिलं तरी हे लागू?"

"दीडशे घरं आहेत अण्णा."

"ती आपलीच."

"आपल्याला ती आपली. परवान्याच्या हिशेबी ती दीडशेच."

"मग आता सगळ्या दुनियेला वाटत बसायचं?"

"नाही. ज्यांना ॲप दिलं त्यांना कोड द्यायचा, बस. पुढे त्यांनी कुणाला द्यावा, न द्यावा, ते आपण ठरवायचं नाही."

हे त्यांना जड गेलं, मला दिसत होतं. आयुष्यभर त्यांनी विद्या दिली ती माणूस पारखून, कुणाला किती द्यायची ते ठरवून. दिलेली वस्तू पुढे कुठे जाईल यावर आपला ताबा नाही, हे या वयात ऐकायचं म्हणजे सोपं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कर्त्याच्या नावाचं कलम आलं. मी ते मुद्दाम भराभर वाचलं.

"थांब. नाव काढायचं नाही असं म्हटलंय?"

"हो."

"आणि आपल्या ॲपात त्याचं नाव आहे?"

"नाही."

अण्णांनी पायावरची उपरण्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. "मी गुरूंचं नाव घालायला लावलं," ते म्हणाले, "म्हणून त्याचं गेलं."

मी मेथी निवडत होते. तेव्हाच म्हणायचं होतं, की नाही अण्णा, दोन्ही नावं मावत होती. मी जुडीतली पिवळी पानं वेगळी करत राहिले, आणि ते उठून आत गेले.

मग मी कामाला लागले, कारण काम असलं की मला विचार करावा लागत नाही. जे ॲप लोकांच्या फोनमध्ये होतं त्याचाच नेमका कोड द्यायला हवा होता, आणि माझ्या लॅपटॉपवर 'शेवटचं', 'शेवटचं नवं', 'अण्णांच्या दुरुस्त्या' आणि 'हेच खरं शेवटचं' असे चार गठ्ठे होते. कुठल्या गठ्ठ्यातून काय बाहेर गेलं ते शोधण्यात तीन संध्याकाळी गेल्या. त्यात माझ्या स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपा निघाल्या. 'इथे अण्णा ऐकत नाहीत.' 'हा नियम फक्त त्यांच्या गुरूंना मान्य, बाकी कुणाला नाही.' 'भूक लागली आहे.' दीडशे पुरोहित हे वाचणार! पुसायला बोट गेलं, पण मी थांबले. परवान्याचं म्हणणं असं, की काम करताना तुमच्यापुढे जसा कोड होता तसाच द्या, धुऊनपुसून नको. टिपा राहिल्या. नाही म्हणायला 'भूक लागली आहे' तेवढी मी पुसली.

कर्त्याचं पान परत जागेवर आलं, परवाना आला, आम्ही काय बदललं आणि कधी, ते आलं. गुरूंचं नावही राहिलं, त्याच्या खाली. भरपूर जागा होती. मग समूहावर लिहिलं, की ॲप मुळात अमक्यांचं आहे, आम्ही त्यात बदल केले, कोड सोबत आहे, पुढे कुणालाही द्यायला मोकळे आहात. आणि लिहिलं: 'मूळ कर्त्याचं नाव चुकून राहून गेलं होतं, क्षमस्व.'

चुकून. लिहिताना हात जराही अडला नाही.

तासाभराने कुणी तरी विचारलं, "म्हणजे हे आपलं नव्हतंच का?" एक काका उत्तर न देताच बाहेर पडले. कुणी हात जोडले, कशासाठी ते कळलं नाही. सोलापूरकडून मात्र त्याच दिवशी फोन आला.

"ताई, सापडलं! आत सूर्योदय काशीचा बसवलाय. आमच्याकडे सूर्य अर्धा तास उशिरा. तुमच्याकडे सोमवारचा अपराह्ण संपल्यावर तिथी लागते, आमच्याकडे संपायच्या आत लागते. मंगळवारी ती आमचा अपराह्ण सुरू व्हायच्या आधीच संपते. म्हणजे इथे सोमवारच बरोबर. मूळच्यात गाव विचारायचा पडदा होता ना, तो परत जोडला तर झालं. मी जोडून पाठवू का?"

"पाठव," मी म्हटलं. थंड देशातल्या त्या माणसाने सगळं बरोबर लिहून ठेवलं होतं. जे काढून टाकलं ते मी, सोपं व्हावं म्हणून. आठ-दहा दिवसांनी कुणाच्या तरी वडिलांचं पहिलं श्राद्ध भलत्या दिवशी झालं असतं, आणि ते आमच्या घराच्या नावाने. मला रडू आलं, आणि रडायचाही राग आला.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याने विचारलं म्हणून वाचलो." आणि त्याला स्वतः फोन करून शाबासकी दिली. मी पलीकडे उभी राहून ऐकत होते.

इथे सगळं संपायला हरकत नव्हती. तसं मी अण्णांना सुचवलंसुद्धा. परवान्यातच सोय आहे: अटी मोडल्या की तुमचा हक्क जातो, पण मोडणं थांबवलंत की तो तात्पुरता परत मिळतो, आणि त्यानंतर साठ दिवसांत मूळ कर्त्याने तक्रार केली नाही तर कायमचा. "तेव्हा साठ दिवस गप्प बसायचं," मी म्हटलं. "मग आपण मोकळे."

"त्याला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग तो तक्रार करेल कशी?"

मी चहाचे कप उचलायला लागले.

"ज्याचं घेतलं त्यालाच न सांगता मोकळं व्हायचं, हे कसलं मोकळं होणं," अण्णा म्हणाले. "समूहावर तू 'चुकून' लिहिलंस. एकाने वाचून दाखवलं मला. चुकून नव्हे ते. कागद घे, मी सांगतो ते लिही, आणि त्याच्या भाषेत करून पाठव."

त्यांनी सांगितलेलं पत्र लहान होतं. तुमची विद्या आम्ही वापरली. तिच्यावर आमच्याकडच्या अनेक घरांचं काम चालतं. तुमचं नाव आम्ही काढलं, ते आता परत घातलं आहे. आणि शेवटी: 'नाव काढण्याचा दोष माझा आहे, माझ्या लेकीने मी सांगितलं म्हणून ते केलं.' खाली त्यांचं नाव.

मी ते इंग्रजीत उतरवायला बसले. पहिली तीन वाक्यं झाली. चौथ्याशी हात थांबला. उठले, पाणी प्यायले, गच्चीत जाऊन वाळलेले कपडे काढले, माकडांनी ओढलेली चादर पुन्हा धुवायला टाकली, परत बसले. ते वाक्य इंग्रजीत करणं काही अवघड नव्हतं. मी ते केलं, सांगितलं तसंच. मग त्याच्या खाली लिहिलं: 'वरचं वाक्य माझ्या वडिलांनी सांगितलं, पण ते खरं नाही. ते पान काढायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी काढलं, कारण मला हे काम माझं म्हणवायचं होतं.' आणि माझं नाव.

पाठवून टाकणं सोपं होतं. अण्णांना इंग्रजी येत नाही.

मी लॅपटॉप उचलून त्यांच्यासमोर पाटावर ठेवला. "काय लिहिलंय ते वाचते," म्हटलं. मराठी करत वाचत गेले, त्यांचं सगळं, आणि मग माझं. मी माझ्या वाक्यांपर्यंत आले तेव्हा आवाज इतका बारीक झाला की ते म्हणाले, "मोठ्याने."

मोठ्याने वाचलं.

खालून गल्लीतून कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"त्या दिवसापासून मी मला दोष देतोय," ते म्हणाले. "गुरूंच्या नावाचा हव्यास धरला म्हणून. सकाळी संध्येला बसलो की तेच मनात. आणि तू समोर बसून मेथी निवडत होतीस."

"हो," मी म्हटलं.

"माझं वाक्य खोड."

"राहू दे ना अण्णा. खाली मी लिहिलंय की..."

"खोटं माझ्या नावावर नको. खोड ते. आणि समूहावरचं 'चुकून' पण."

मी ते वाक्य काढलं. त्याच्या खालचं माझं पहिलं वाक्यही मग काढावं लागलं, कारण ते आता कशाला धरून नव्हतं. समूहावर नवा निरोप टाकला: 'मूळ कर्त्याचं नाव चुकून राहिलं नव्हतं, ते मी काढलं होतं.' लगेच दोघांनी वाचल्याच्या खुणा आल्या, मग पाच जणांनी. अण्णांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मी शेवटाला आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं नाही, मदतीलाही आले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. पान मी काढलं, असं त्यांच्या तोंडासमोर म्हणून झाल्यावर मी पाठवायचं बटण दाबलं.